आधी खांदा

मुकादमचाचा सांगतात, थेट कानाला जायचं नाही.
आधी खांदा.
तळवा टेकवायचा आणि थांबायचं,
परक्या घरी चपला काढून दाराशी थांबतो तसं.
मग मान, मग आयाळीचं मूळ.
हात मध्येच उचलायचा नाही.
उचललेला हात परत येतो
तेव्हा तो नवा माणूस असतो.

अँटॉप हिलच्या मागे, मिठागरांच्या बाजूला,
पत्र्याखाली चार घोड्या. लग्नाच्या.
खारी त्यांतली थोरली. रंग बेकरीतल्या खारीचा,
कडा जरा जास्त भाजलेल्या.
मी साडेपाचला इथे येते, नऊला पार्लर उघडते.
दोन्हीकडे कातडीचंच काम.

पार्लरमध्ये ओठावर दोरा धरते आणि विचारते,
दुखतंय का ताई?
सगळ्या म्हणतात नाही.
डोळ्यांतून पाणी गळतंय, तरी नाही.
खारीला हे खोटं जमत नाही.
तिचं हो-नाही सगळं कानांत.
पुढच्या पायामागे, तंग आवळतात तिथे,
केस झिजून रुपयाएवढी गुलाबी कातडी उघडी पडलीय.
तिथे खरारा नेला की दोन्ही कान मागे, चपटे.
तिथे मी फक्त ओलं फडकं नेते,
आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलेलं.

डावा कान वेगळा.
नाल ठोकताना कुणीतरी तो पिरगळून धरला होता.
कुणी, ते चाचा सांगत नाहीत.
माझ्या आधीचा कोणी, म्हणतात,
आणि तंबाखू मळत राहतात
गरजेपेक्षा जास्त वेळ.
वरातीला त्यात कापूस घालावा लागतो, बँजोसाठी.
खांद्यापासून त्या कानापर्यंत
जेमतेम दोन हातांचं अंतर.
मला सात आठवडे लागले.

मे महिन्यात ती शेपूट भिंतीला घासू लागली.
जंत असतील, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, गरमी.
तिसरा नुसताच हसला, घोडीच ती, म्हणाला.
औषध पाजलं. करंजाचं तेल चोपडलं.
शेपटीच्या मुळाशी केस उरले नाहीत,
भिंतीवर तेलाचा पट्टा तेवढा उमटला.
कासेखाली कुणी हात घातला नाही.
लाथेची भीती होती, कबूल.
पण लाजही होती,
आणि तिच्यापायी खाजत राहिली खारी.

मी खांद्यापासून निघाले.
पाठ. बरगड्या. कुशीशी ती शहारते,
तिथे बोटं फिरवायची नाहीत, अख्खा तळवा,
जड, माशी नव्हे हे तिला कळेल असा.
मग मांडीला माझी बाजू टेकवून उभी राहिले.
लांब उभं राहिलं तर लाथ बसते,
चिकटून राहिलं तर नुसता धक्का.
पाणी कोमट. साबण नाही.
दोन आचळांमधल्या घडीत
डांबरासारखं काळं, वाळलेलं,
थरांवर थर.
एकही पापुद्रा ओढला नाही. भिजू दिला.
तिने पाय उचलला.
मी थांबले. हात तिथेच.
वरून मोनोरेल गेली, बहुतेक रिकामी.
तिने पाय टेकवला.

मग तिचा खालचा ओठ सुटला, सैल,
नाडी ओढलेल्या पिशवीसारखा,
आणि एक कान, डावाच,
बाजूला कलंडला.

चाचा दारात उभे होते.
किती वर्षांचं असेल, म्हणाले.
मी बादली पुढे केली.
ते बराच वेळ पाण्यात बघत राहिले.
मग ते गटारात ओतायला स्वतः गेले.

नऊला पार्लर. पहिलं गिऱ्हाईक नवरी मुलगी,
उद्या हळद.
बगल दाखवायला कचरत होती.
मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.
काय झालं, ती म्हणाली.
काही नाही, म्हटलं.
दोनदा धुऊनही हाताला वास होता,
गवताचा, घामाचा, किंचित गोड.
दुखतंय का, हे या वेळी विचारलं नाही.
तिच्या कानांकडे
बघत राहिले.