पाच विटा

ऑफिस बेटावर, म्हणून आधी बेटावरच बघितलं.
दोन वर्षांचं भाडं आगाऊ, वर दलालाची दक्षिणा.
माझ्या पगारात तिथे
एक खिडकी आली असती, खोलीशिवाय.

मग पुलाच्या अलीकडे.
याबात खोली बरी, पण भिंतीला खेटून
तीन जनरेटर. बोलायचं तर ओरडूनच.
सवय होते, सिकिरू ओरडला.
इकोरोडूला हवा छान, अंगणात कोंबड्या, आंब्याचं झाड,
आणि पहाटे साडेतीनला बसची रांग.
सवय होते.

बारिगातली खोली त्याने शेवटी दाखवली.
नवाकोरा रंग, पण फक्त कमरेखाली.
मी त्या रंगाकडे बघत राहिले
आणि तो पंख्याकडे.

बाहेर चवळीचे वडे तळत होती
मामा रिस्कात. झारा तसाच कढईवर धरून
म्हणाली, "जुलैत पाणी येतं, पोरी. इथवर."
आणि पिठाचा हात गुडघ्याला लावून दाखवला.
"तुझं तू तळ ना!" सिकिरू उखडला.
ती तळतच होती.

सव्वा महिना लागोसभर हिंडले,
एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

रात्री ओग्बोमोशोला फोन लावला.
आई, घर मिळालं.
कोरडं आहे ना गं?
म्हटलं, शेजार चांगला आहे.

आता विटा शोधतेय,
पलंगाच्या एकेका पायाखाली चार.
मामा रिस्कात म्हणते, पाच घे.