शेऱ्याचा रकाना

आधी शिंक आली.
मग कळलं, पिशवीत तिखट सांडलंय
आणि तिखटाखाली काहीतरी जड आहे.

धुळ्यात, गल्ली नंबर चारमध्ये,
हकीमुद्दीनभाईंच्या परवानाधारक दुकानात
एकतीस वर्षं मी लोखंड पुसतो.
गेलेल्यांची हत्यारं इथं जमा होतात,
वारस येतात, सही करतात, सुटतात.
बहुतेक ठासणीच्या, एकनळ्या, रानडुकरांपुरत्या,
खुंटीवर लटकून लटकून वाकड्या स्वभावाच्या.

दोंडाईच्याच्या केसरबाई गिरासे
बाकाच्या अगदी टोकाला बसलेल्या.
भटेसिंग जाऊन अडीच महिने झालेले.
“हाई काय शे, तेच माले ठाऊक नही,” म्हणाल्या,
“घरमा ठेवाले भ्याव वाटस.”

परवान्यावर लिहिलेलं : रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर, एक.
एवढंच.
जसं कुणी लिहावं : माणूस, पुरुष, एक.

मी चक्र बाहेर ढकललं. सहाही घरं रिकामी.
तोंडाशी काजळी, आत आरसा.
नळी सहा इंची,
कमरेला मिरवणाऱ्याला नकोशी लांबी.
मागच्या खाचेला दोन स्क्रू,
एक वरखाली, एक डावं-उजवं, केसाएवढं सरकवणारे.
चाप रुंद, त्यावर बारीक रेघा,
आणि इतका हलका
की मी श्वास सोडला आणि तो गेला.

“भाई,” मी म्हटलं, “चष्मा घेऊन या.”

अक्रोडाची मूठ उघडली.
तिच्याखाली, जिथं तेल पोचत नाही, घाम पोचतो,
एक चांदणी. तिच्यापुढं सत्तेचाळीस.

भाईंनी वडिलांच्या वेळचा कॅटलॉग काढला,
कसरीनं कोपरे खाल्लेला.
चांदणीच्या नावानं त्यात अर्धं पान :
नेमबाजीच्या स्पर्धांसाठी, एकदाच, दीडशे नग.
पुढची माशी हातानं डागलेली, असंही होतं त्यात.
मी भिंग लावलं.
माशीच्या बुडाशी, डाव्या अंगाला, डागाचा एक टिपका जास्तीचा,
कुणाचा तरी हात तिथं क्षणभर थांबलेला.
भाई हसले,
भर बाजारात हरवलेल्या बैलाची
शिंगं ओळखावीत तसे.

“यानाघाई कोनी मरेल शे का?”
केसरबाईंनी विचारलं, आवंढा गिळून.

मावशी, मी म्हटलं, याच्यानं कागद मरतात.
पंचवीस मीटरवरचे. गोल गोल रेघांचे.

त्या गप्प.
मग पिशवीच्या तळाशी हात घातला
आणि डबा हलू नये म्हणून अंथरलेला
जाड कागद ओढून काढला. तिखटानं लालसर.
काळं वर्तुळ, रेघा, आणि ऐन मधोमध
रुपयाएवढं एकच भोक.
भाईंनी कडेच्या चंद्रकोरी मोजल्या. दहा.
परत मोजल्या.

“असा फडताळभर शेतस,” त्या म्हणाल्या.
“वीस वरीस डबासखाले हाथरस मी.
दर रईवारे नाशिकले जाये. काम शे, म्हने.
माले वाटे, तठे कोनी शे.”

भाई किंमत सांगू लागले,
गोळा करणारे शौकीन कसे अख्खा देश पालथा घालतात,
पुण्यात कुणाला फोन करावा लागेल.
त्यातलं त्यांनी काही ऐकलं असेल असं वाटत नाही.
त्यांची करंगळी भोकात होती,
पलीकडून थोडी बाहेर आलेली,
आणि तिच्याकडे बघत त्या
वीस वर्षांचे रविवार
मनातल्या मनात परत लावत होत्या.

मी नोंदवही उघडली.
अनुक्रमांक, नाव, गाव, प्रकार.
शेऱ्याचा रकाना इथं कुणी भरत नाही, मीही नाही.
त्यात लिहिलं : चांदणी. ४७. नेम चांगला.
शेवटचे दोन शब्द नियमात बसत नाहीत.
भाईंनी वाचले, खोडले नाहीत.

हत्यार कपाटात गेलं.
केसरबाईंनी कागद परत मागून घेतला,
घडी घातली,
घडीची रेघ भोकावर येऊ दिली नाही.

संध्याकाळपर्यंत दुकानात
येईल तो शिंकत होता.