रकाना

येरवड्याच्या निरीक्षणगृहात
दुर्गाप्पाची फाइल माझ्याकडे आली
तेव्हा तिच्यात तिघांची अक्षरं होती.
मातृभाषा : मराठी.
कुणीतरी परस्पर ठरवलेलं.
'समुपदेशनास प्रतिसाद नाही.'
खाली शिक्का, तारीख पुसट.

वय सतरा. पाच भेटी गप्प.
सहाव्या भेटीला मी लोहगावहून
त्याच्या चुलत्याला रिक्षात घालून आणलं,
निर्गुडीच्या फोकांच्या भाऱ्यासकट.
गेटवर भारा तपासला तिघांनी.

चुलता कैकाडीत काहीतरी पुटपुटला
आणि पोरगं फिसकन हसलं.

मग दोघं फरशीवर. बूड चुकलं.
चुलत्यानं उसवलं, शिवी घातली,
पुन्हा त्याच्याच हातात दिलं.
मी पेनाला टोपण लावून बसले.

'केलेली उपाययोजना' :
या रकान्यात काय लिहू?
टोपली माझ्या टेबलावर आहे,
जरा कलती.
फायली तिच्यात मावत नाहीत.