रिकामी वाटी

येग्वानने सकाळी एक स्वल्पविराम हलवला.
माहितीच्या फाईलमध्ये, तिसऱ्या ओळीत.
नव्या माणसाने पहिल्या दिवशी वाचावी म्हणून ठेवलेली ती फाईल
पहिल्या दिवशीही कोणी वाचत नाही.
तळघरातलं यंत्र लगेच घुरघुरलं,
चार हजार दोनशे बारा चाचण्या
डोळे चोळत रांगेत उभ्या राहिल्या
एका स्वल्पविरामासाठी.
एक्केचाळीस मिनिटं.

तेवढ्यात टोर्शहाव्नच्या धक्क्यावरून
नोल्सॉयची बोट जाऊन परत येते.
आमच्या खिडकीतून दिसते.
तिचीच तिकिटं विकतो आम्ही.

रानवॉ म्हणाली, पुरे.
तिने अकरा ओळी लिहिल्या.
नुसता मजकूर बदलला असेल तर नकोत चाचण्या,
चित्र बदललं तर नकोत,
बोटींच्या कोडला हात लागला
तरच उठवा त्यांना.

मी काही बोलले नाही.
त्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या,
नऊ हिवाळ्यांतल्या,
आणि प्रत्येकीमागे कुणीतरी भिजत उभं आहे.
धुक्यात रद्द झालेल्या फेरीचे पैसे दोनदा परत गेले, त्याची एक.
सात वर्षांच्या पोराला ट्रकचं तिकीट मिळालं, त्याची एक.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे, लिहायचं पण उच्चारायचं नाही,
त्याला ठेचकाळून अख्खी प्रवासी-यादी पुसली गेली,
त्याच्या चौदा.

दुधाने तोंड पोळलेली माणसं आपण, रानवॉ म्हणाली,
ताक फुंकतो, ठीक.
पाणी फुंकतो, चला, तेही ठीक.
पण सुन्नेवा, रिकामी वाटी?

पहिल्या आठवड्यात तळघर इतकं गप्प
की हालगेर दोनदा खाली जाऊन दिवे बघून आली.
विजेचं बिल उतरलं.
कॉफीचं निमित्तही गेलं.
त्या एक्केचाळीस मिनिटांत ट्रोंदुर
आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल थोडंथोडं बोलायचा,
रोज एक हप्ता.
आता तो टाईप करतो.

नोव्हेंबरात त्यानेच एक वाक्य नीट केलं.
'रविवार सोडून रोज' असं होतं,
त्याने लिहिलं 'सोमवार ते शनिवार'.
अर्थ तोच. वाक्य जास्त सुबक.
नुसता मजकूर.
यंत्राने राखाडी खूण केली,
हिरवी नाही, लाल नाही,
राखाडी: गरज नव्हती.

कुणाला आठवत नव्हतं
की खोल आत, कुणीतरी कधीतरी घाईत लिहिलेलं,
बोटीचं वेळापत्रक ती ओळ वाचतं
आणि तिच्यात फक्त 'सोडून' हा शब्द शोधतं.

रविवारी अकरा माणसं धक्क्यावर आली.
वारा. हातात तिकिटं.
एकाकडे केकचा डबा होता, दोरीने बांधलेला.
बोट पलीकडे बांधलेली, तिलाही दोरी.

सोमवारी सगळे माझ्याकडे बघत होते.
मी म्हणू शकले असते.
नऊ हिवाळे तेच वाक्य घोळवत होते तोंडात.
रानवॉने तिच्या अकरा ओळी निवडून ठेवल्या होत्या,
निळ्या केलेल्या, बोट पुसायच्या कळीवर.

राहू दे, मी म्हणाले.
बारावी लिही:
ही फाईल मजकूर नाही.

मग चार हजार दोनशे तेरावी चाचणी मी लिहिली,
तिचं नाव ठेवलं 'केकचा डबा',
आणि दुपारभर जुन्या वाचत बसले.
ट्रकच्या तिकिटाची काढून टाकली.
तो ट्रकचा रकानाच सहा वर्षांपूर्वी गेला,
ती बिचारी रोज उठून
नसलेल्या ट्रकची वाट अडवत होती.
तो पोरगा आता दाढी करत असेल.

संध्याकाळी येग्वानने स्वल्पविराम होता तिथे परत नेला.
तळघरात काही हललं नाही.
ट्रोंदुर खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आला,
उगाच, कशाचीच वाट बघायची नसताना,
आणि म्हणाला, तिने घर विकायला काढलंय.

मी कप उचलला, सवयीने फुंकर घातली.
कॉफी केव्हाच गार झाली होती.