अकरा रुपये जास्त

उद्यमनगरातला रणधीर फिटर
पंप बसवायला गेला, तिकडून फोटो पाठवला :
आंब्याच्या झाडाखाली शाळा.
फळा फांदीला टांगलेला, पोरं मातीत,
आणि कडेला एक चेंडू,
चिंध्यांचा, सुतळीनं आवळलेला.
आमच्या तालमीचा गोलकीपर दिलावर,
दिवसा भट्टीवर मोल्डिंग करतो,
फोटो मोठा करकरून बघत राहिला.
म्हणाला, "काकी, ह्यो बॉल अडवायचा कसा?
उसळतच न्हाई की."

तिथून सुरू झालं.

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर डबा ठेवला.
म्हशीची धार काढता काढता पिराजी विचारतो,
"कुठली पोरं म्हणं?"
"मलावीची."
"मलईची?"
सगळा कट्टा हसला.
फेसासकट पेला रिकामा करून, मिशी पुसून
एकानं नोट टाकली : "घ्या, मलईसाठी."
तेव्हापासून आमच्या वहीत
त्या देशाचं नाव तेच आहे.

मी जर्सीवर नंबर शिवते.
अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडं.
व्हटकर मामांनी एक कापशी जोड विकून दिले
सहाशे.
गुळाच्या अड्ड्यावरचे हमाल, मिळून दोनशे ऐंशी,
नाणी एकमेकांना चिकटलेली.
चटणी कांडपाच्या बायकांचं पाकीट मात्र
मोजताना शिंका आवरेनात,
तीनदा आकडा चुकला.

आणि यशोदाआक्का.
डब्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी :
"आपल्या बोळातली पोरं जेवून उठली व्हय सगळी?
समुद्रापल्याड निघालाय ते?"
मला उत्तर आलं नाही.
खरंच बोलत होती. संपतचा धाकटा
दप्तर नाही म्हणून खताच्या पिशवीतून पुस्तकं नेतो.
त्या रात्री मी दोन सहा
उलटे शिवले.

मग माळ्यावरनं स्वेटर काढला.
पुराच्या साली पंचगंगा आमच्या जिन्याला लागली,
तेव्हा कुठल्याशा ट्रकमधल्या गाठोड्यात आला होता.
लेकीनं दोन हिवाळे घातला.
कॉलरच्या आत, लाल दोऱ्यानं,
कुणीतरी नाव भरलंय
गोलगोल अक्षरांत. मला वाचता येत नाहीत.
टाका तेवढा वाचता येतो :
घाईचा नाही. गाठ मारलीय ती
शिवणीत लपवून, मानेला टोचू नये अशी.
त्या बाईच्या गल्लीतली पोरं तेव्हा
जेवून उठली होती का?

आक्कानं स्वेटर उलटा करून बघितला,
गाठीवरनं अंगठा फिरवला,
आणि भाजी करपंल म्हणून घरी गेली.
दुसऱ्या दिवशी संपतच्या पोराच्या पाठीवर दप्तर,
डब्यात पन्नास.
"वहीत माझं नाव घालू नगंस."
वहीत नाही घातलं. इथं घालते.

मॅच झाली. एरवी ज्या दोन पेठांचं
दगडांवाचून भागत नाही,
त्या तिकीट काढून बसल्या.
हाफटाइमला चिंध्यांचा चेंडू उतरवला,
फोटो बघून मीच शिवलेला.
पेनल्टीवर दिलावरनं चार सोडले,
लोकांनी त्याचं आजोळ काढलं.
पाचवा धरला तो पोटाशी घेऊन
खालीच बसून राहिला, शिट्टी झाली तरी.

बँकेत साहेबांनी फॉर्म पुढं सरकवला.
एक रकाना : पैसे घेणाऱ्याशी नाते.
मामांनी माझ्याकडं बघितलं, मी दिलावरकडं.
"काहीतरी लिहा हो, रांग बघा मागं."
मी लिहिलं : आहे.
साहेबांनी ते खोडलं, वर बारीक इंग्रजीत
काहीतरी लिहिलं, आणि शिक्का मारला.

पैसे पोचले. वही मिटायची तर
अकरा रुपये जास्त निघतात.
पिराजी म्हणतो माझे न्हाईत, हमाल म्हणतात आमचे न्हाईत.
नोटेला चटणीचा वास नाही,
नाणं कशाला चिकटत नाही.
डब्यात तसेच आहेत.
हलवला की एकटं नाणं वाजतं.