मुकी पट्टी

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाशी ती आली कॅसिओ काखेत मारून.
चोरबाजारातलं, आमच्या लग्नाच्या वर्षीचं मॉडेल.
ऋजुता कारखानीस, असं पावतीवर.

म्हटलं, एक पट्टी मुकी आहे, कार्बन गेलाय,
दोन दिवसांत बोलती करतो.
नको, म्हणाली. तिला राहू द्या गप्प.
बाकीच्यांची खरखर तेवढी जपा, काका.

असली गिऱ्हाइकं रोज येत नाहीत.
जपली खरखर.

काल तिचा अल्बम आला. भाच्याने फोनवर लावून दिला.
त्यात ताश्कंदच्या कुठल्याशा खानावळीतला फ्रिज घुमतो,
झांझिबारच्या फेरीबोटीचा भोंगा,
गदगच्या स्टँडवर कुणी बसचा नंबर दोनदा चुकीचा पुकारतं,
आणि खाली तो जुना प्लास्टिकचा ठोका,
पाळण्यावरच्या खेळण्यासारखा,
मधेच एका सुराची जागा सोडून
पुढे जाणारा.

सहाव्या तुकड्यात एकदम सगळं थांबतं.
एक पंखा. कथलाचा चर्र.
मग कुणीतरी खाकरतं, म्हणतं,
"हां, बोल आता."

मी उभ्या जन्मात कर्जतच्या पुढे गेलेलो नाही.

भाच्याला म्हटलं,
जरा मागे घे.