खडूची खूण

सूर गावी, खाडीच्या काठी,
ओहोटीला जिथे गलबतं कुशीवर निजतात,
तिथे खल्फानचं रक्त घ्यायला गेलो
मी, नस्रा आणि बर्फाचा डबा.

उजवा हात थरथरत होता, शीर सापडेना.
"घट्ट धर," तो नस्राला म्हणाला, "फळी धरतात तसा."
त्याची हिंदी मुंबईच्या गोदीतली,
तीस वर्षं वापराविना, जरा गंजलेली.
मी म्हटलं साग, तो म्हणाला साज,
आणि दोघांनी एकाच लाकडावर हात ठेवला.

कानामागे अजून खडू.
चाळीस वर्षं फळ्यांवर खुणा केलेल्या:
फुली म्हणजे चुलीत.
अर्धा चंद्र म्हणजे नाळेला.
दोन रेघा म्हणजे थांबा,
हिला अजून कुणी हात लावू नका.
फळी तीच. खुणेनं नशीब बदलायचं.

"बाई, रक्तात काय शोधता?"

मग त्याचाच खडू मागून घेतला.
पेशीतही खुणा असतात, म्हटलं.
युबिक्विटिन: शहात्तर मण्यांची इवली माळ,
ज्या प्रथिनाला तिची साखळी लागली
ते बहुधा मोडीत.
तिला भावंडंही आहेत. एक सुमो.
(आमच्या देवरुखात सुमो म्हणजे
आठांच्या जागेत पंधरा कोंबलेली गाडी.
हा मात्र एकेकाला गाठतो,
कुणाला केंद्रकात पोचवतो,
कुणाला भांडणातून बाजूला काढतो.)
दुसरा नेड-आठ,
खुणा करणाऱ्या यंत्रांनाच जागं करणारा.
आणि विषाणू उंबऱ्यात आला की धावणारा एक,
जणू दोन जुळी एकमेकांना चिकटलेली.
घडण सगळ्यांची एकच,
वळलेल्या मुठीसारखी.

त्यानं आपली मूठ पाहिली.
ती पुरती वळत नव्हती.

मस्कतला रात्री काचपट्ट्या.
दूरच्या कुणाच्या मेंदूचे काप,
नाव नाही, नुसता क्रमांक.
तपकिरी रंग चढतो
आणि पेशीत गोळे दिसू लागतात, गोल, गप्प,
त्यांच्यावर युबिक्विटिनच युबिक्विटिन.

हेच मला झोपू देत नाही.
कुणी विसरलं नव्हतं.
फुली मारली होती,
फुलीवर फुली मारली होती.
न्यायला कुणी आलं नाही,
किंवा आलं, आणि ओझं उचललं नाही.
का, ते मला ठाऊक नाही.
आमच्या साहेबांनाही नाही,
ते फक्त लांब वाक्यात सांगतात.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा कुंपणापाशी ढीग दिसला:
फुली मारलेल्या फळ्या, खारानं पांढुरक्या.
मुलगा सोहारच्या बंदरात क्रेनवर.
चूल गॅसची.

संमतीच्या कागदावर सही करताना
अक्षर मुंगीएवढं होत गेलं,
शेवटचं तर दिसलंच नाही.
त्यानं कागद सारला, खडू काढला,
डाव्या हातानं उजवं मनगट धरून
बर्फाच्या डब्याच्या झाकणावर
दोन रेघा ओढल्या.
वाकड्या.

नस्रा हसली. मी नाही.

कुरय्यातच्या वळणापर्यंत
झाकणाला घाम फुटून एक रेघ पुसली गेली.
दुसरीवर मी, का कोण जाणे,
घरापर्यंत हात आडवा धरला.